जड हवा पिणारं पाणी

हे मी लिहावं की नाही, या विचारातच दोन आठवडे गेले. या पुरवणीत ज्यांच्यावर लेख येतात ती माणसं मोठी असतात आणि लिहिणारेही जाणते असतात. मी औरंगाबादेला सायन्स शिकणारा विद्यार्थी आहे, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच, आणि परीक्षेच्या पेपरांखेरीज इतकं सलग मी कधी लिहिलेलं नाही. माझे एकनाथमामाही कुणी नामांकित नव्हते. त्यांच्या नावानं शोकसभा झाली नाही, त्यांचा एखादा फोटोसुद्धा घरात नाही. तेव्हा वाचकांचा वेळ घेण्याचा मला अधिकार नाही हे कळतं. पण हे लिहून झाल्याशिवाय मला अभ्यासाला बसता येत नाही, एवढंच सांगून माफी मागतो.

मामा गेले त्याला आता नऊ आठवडे झाले. पोस्टकार्ड आलं तेव्हा मी हॉस्टेलच्या व्हरांड्यात सदरा वाळत घालत होतो. वडिलांनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं होतं : “एकनाथ चुनाभट्टीच्या खड्ड्यात गुदमरून वारला. तुझ्या आईला घेऊन जालन्यास जात आहे. निघून ये.” मी पोचलो तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता, सगळं आटोपलं होतं. जुन्या जालन्यातल्या त्या बोळात, मामांच्या दारासमोर बसलेली माणसं हलक्या आवाजात एकच बोलत होती. ज्यानं सगळ्या मुलखाला उतरण्याआधी कंदील खाली सोडायला शिकवलं, तोच कंदील न सोडता उतरला. घाई केली. खड्ड्यात कंदील सापडला नाही. मी ते ऐकलं, आणि... लिहायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. का बरं वाटलं, ते सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल.

मामा मूळचे केदारखेड्याचे. तिकडं ज्वारी पेवात ठेवतात. जमिनीत माणसाच्या दुप्पट खोल खड्डा, आत कडब्याचं अस्तर, वर अरुंद तोंड आणि त्यावर दगड. महिनोन् महिने बंद राहिलेल्या पेवात धान्याच्या उबेनं हवा बिघडते. ती जड असते, तळाशी बसून राहते, दिसत नाही. म्हणून पेव उघडलं की दिवसभर तसंच ठेवायचं आणि उतरण्याआधी दोरीनं कंदील खाली सोडायचा, ही रीत आहे. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. मामांचा धाकटा भाऊ भगवान, माझा न पाहिलेला मामा, बहिणीच्या लग्नाच्या वेळी, म्हणजे माझ्या आईच्या लग्नाच्या वेळी, पेवात उतरला. पाहुणे आले होते, ज्वारी कमी पडली होती, कंदिलात तेल नव्हतं. “इतक्यासाठी काय कंदील?” म्हणाला, आणि उतरला. वर दोरी धरून एकनाथमामा उभे होते. टोपली भरल्याची हाक आलीच नाही.

आई म्हणते, त्या दिवसापासून मामा शेतात रमले नाहीत. ते जालन्याला गेले, आधी सरकी काढण्याच्या कारखान्यात बॉयलरवर राहिले, मग गावाबाहेरच्या एका चुनाभट्टीवर. निजामीत ते सात इयत्ता उर्दूत शिकलेले होते. कुठूनतरी त्यांनी रसायनाचं एक उर्दू पुस्तक मिळवलं आणि त्यात त्यांना सापडलं की भगवानला मारणारी हवा आणि चुनखडी भाजताना भट्टीतून निघणारी हवा एकच आहे. सोड्याच्या बाटलीत फसफसते तीही तीच. मामांनी तिला पुस्तकातलं नाव कधी दिलं नाही. ते तिला “जड हवा” म्हणायचे, जसं एखाद्या भावकीतल्या माणसाबद्दल बोलावं तसं.

मी हायस्कूलसाठी जालन्याला त्यांच्याकडे राहायला गेलो तेव्हा निजामी जाऊन चारपाच वर्षं झाली होती आणि मामांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. जड हवा पिऊन घेईल असं पाणी तयार करायचं. तसं पाणी असतं हे पुस्तकात होतं. राखेचा खार पाण्यात विरघळवला की ते पाणी ही हवा शोषून घेतं, आणि तेच पाणी उकळलं की हवा पुन्हा बाहेर येते, पाणी पहिल्यासारखं होतं. पण पुस्तकातला खार विलायती. मामांनी पऱ्हाटी जाळायला घेतली. कापूस वेचून झाल्यावर उभी राहणारी ती काटकं सगळ्या तालुक्यात चुलीखाली जातात. तिची राख पाण्यात कालवायची, फडक्यातून गाळायची, आटवायची. खाली राहतो तो मळकट पांढरा खार. मामी तणतणायची.

“पापडाला ठिवलेला खारसुदा भट्टीवर नेला तुमच्या मामानं,” ती मला सांगायची. “आता काय, धुराचे पापड लाटणारेत!”

“लाटले तर तुला पयला देईन,” मामा म्हणायचे.

“मला नगं. तुमच्या त्या हुसेनभाईला द्या.”

हुसेनभाई म्हणजे भट्टीचे मालक. भट्टीच्या अंगाला त्यांनी मामांना एक खड्डा खणू दिला होता. पुरुषभर खोल, आत उतरायला बांबूची शिडी. खाराचं पाणी गार असलं की जास्त हवा पितं, म्हणून रांजण जमिनीखाली. भट्टीच्या तोंडाजवळून पत्र्याची नळी, मध्ये लोहाराचा जुना भाता, आणि नळीचं टोक रांजणाच्या तळाशी. मी वर बसून भाता ओढायचो आणि खाली मामा कान लावून बुडबुडे ऐकायचे. रांजणातून वर आलेली हवा ते एका सोड्याच्या बाटलीतल्या चुन्याच्या निवळीतून सोडत. निवळी दुधाळ झाली म्हणजे जड हवा निसटली, पाणी पुरतं प्यायलं नाही. ती रोज दुधाळ व्हायची. रोज हुसेनभाई भट्टीच्या कठड्यावरून विचारायचे, “क्या मास्टर, आज धुवाँ पकड्या क्या?”

“पकडतो, पकडतो. तुमी खोकून राह्यले तवर थोडा निसटला.”

“पकड के रखेगा किधर? जेल में?”

“तुमच्या घरी पाठवतो, बराबर बसंल.”

दोन वर्षं असं चाललं. मामा खारात काय काय मिसळून पाहत होते, त्याला हिशेब नव्हता. मीठ, तुरटी, साखर, बाभळीचा डिंक. प्रत्येक वेळी एका वहीत उर्दूत टाचण. मला लहानपणी दोन वर्षं उर्दू शिकवलेली होती म्हणून ती वाचता यायची. बहुतेक पानांवर शेवटचा शब्द एकच होता, “नाही”. मग एकदा ते सोनाराच्या दुकानात मामीच्या जोडव्याला डाग द्यायला गेले आणि सोनार वापरतो तो टाकणखार चिमूटभर मागून आणला. का, ते त्यांना सांगता आलं नाही. “वाटलं म्हून,” एवढंच म्हणाले. त्या दिवशी मी भाता ओढत राहिलो, हात भरून आले, आणि खालून मामांचा आवाज येईना. मी घाबरून वाकून पाहिलं. ते बाटली उजेडाकडे धरून उभे होते. निवळी स्वच्छ होती, विहिरीच्या पाण्यासारखी.

“अजून ओढ,” ते म्हणाले. मी ओढलं. स्वच्छच राहिली.

तेव्हा ते हसतील असं मला वाटलं होतं. ते शिडीवर बसले आणि म्हणाले, “भगवानच्या टायमाला येवढा एक रांजण असता तर...”

पुढचं वर्ष बरं जाईल असं वाटलं होतं. हवा प्यायलेलं पाणी डब्यांत भरून मामा सायकलवरून एका सोडावॉटरवाल्याकडे नेत, तिथं उकळून हवा काढून देत आणि रिकामं पाणी परत आणत. हवा डब्यात घालून सायकलवर नेणारा माणूस म्हणून पोरं त्यांच्या मागे ओरडत. पण सोड्याला धुराचा किंचित वास राहायचा. मामांनी कोळशातून गाळून पाहिलं, तरी लोकांच्या जिभेनं तो हेरलाच. “चुनाभट्टीचा धूर पाजतो” अशी बोलवा झाली आणि सोडावाल्यानं हात जोडले. मामा त्याच्याशी भांडले नाहीत. घरी येऊन डबे उलटे करून ठेवले. मामी मला म्हणाली, “इकायला न्हाई चाललं त्याचं दुख न्हाई रे ह्यांना. लोक नाक मुरडतेत, त्याचं हाय.”

मात्र पाणी त्यांनी सोडलं नाही. पेवं उघडण्याच्या दिवसांत ते दोन डबे घेऊन केदारखेड्याला गेले, मीही होतो. पाटलांचं पेव उघडलं होतं. मामांनी कंदील सोडला, तो अर्ध्यावर मिणमिणला आणि गेला. मग त्यांनी कडुनिंबाच्या डहाळ्यांचा झाडू दोरीला बांधला, तो खाराच्या पाण्यात बुडवून खाली सोडायचा, हलवायचा, वर घ्यायचा, पुन्हा बुडवायचा. असं किती वेळ केलं कोण जाणे. भोवती माणसं जमली होती, एक म्हातारे म्हणाले, “एकनाथ, भुताला आंघूळ घालून राह्यला का?” मामांनी मान वर केली नाही. कंदील पुन्हा सोडला. अर्ध्यावर हलला, मोठा झाला, आणि तळाशी जाऊन ज्वारीवर उजेड पडला. त्या म्हाताऱ्यांनी डोक्याचा पटका काढून हातात घेतला. मामांनी दोरी माझ्या हातात दिली आणि ते पेवापासून दूर जाऊन पाठमोरे उभे राहिले.

तिथून मामांची दिव्यावरची श्रद्धा पक्की झाली. पुढच्या हंगामात पाच-सहा गावांतून माणसं डबे न्यायला येत. प्रत्येकाला पाणी देताना ते बजावायचे, “पाणी इसरला तर चालंल, कंदील इसरायचा न्हाई. दिवा बोलतो ते खरं.” भट्टीवरच्या खड्ड्यातही ते रोज आधी कंदील सोडत. एकदाही चुकलेलं मी पाहिलं नाही. मला कॉलेजात घालायचं म्हणून वडिलांशी भांडले तेही मामाच. वडील म्हणाले, शेत कोण पाहील? मामा म्हणाले, “दाजी, शेत तुमी पाहा. मला माझी चूक दाखवायला घरात एक माणूस पायजे, तो मी तयार करून राह्यलो.”

ते वाक्य मी पुष्कळदा आठवतो.

गेल्या दिवाळीआधी वर्गात प्राध्यापकांनी कार्बन मोनॉक्साइड हा वायू शिकवला. कोळसा अर्धवट जळतो तिथं तो होतो, चुनाभट्टीतही होतो. त्याला वास नाही, रंग नाही. मी उतरवून घेत होतो. तो चुन्याच्या निवळीवर काही परिणाम करत नाही. तो खारात शोषला जात नाही. माणूस मरण्याइतका असला तरी त्यात दिवा जळत राहतो. इथं माझा हात थांबला. सर पुढं गेले, मी त्याच ओळीवर राहिलो. मामांचं पाणी जितकं चांगलं तितकी जड हवा कमी, आणि दिवा मंद करते ती जड हवाच. म्हणजे पाणी चांगलं झालं तसा दिवा आंधळा झाला होता. उरलेली हवा रांजणातून वर येऊन खड्ड्यातच साचत होती, आणि मामा तिथं कान लावून उभे राहत होते.

दिवाळीत मी जालन्याला गेलो ते हे सांगायचंच ठरवून. मामा खड्ड्यावर होते. भट्टीची राख रांजणात पडते म्हणून वर पत्रे टाकायचं चाललं होतं. मला पाहून ते खूष झाले. “आलास? धर इकडून.” मी पत्र्याचं टोक धरलं आणि म्हणालो, “मामा, कॉलेजात एक शिकवलं... भट्टीत आणखी एक वायू असतो म्हणे.”

“कोणता?”

“त्याला वास नसतो. निवळीतबी कळत न्हाई म्हणे.”

“दिव्यात?”

मी म्हणायला हवं होतं, दिव्यातही नाही. पण ते माझ्याकडे असं पाहत होते... ज्या गोष्टीवर त्यांनी सगळं आयुष्य उभं केलं ती चुकीची आहे, हे त्यांना मी, दोन पुस्तकं वाचलेल्या पोरानं, पत्र्याचं टोक धरून सांगायचं? आणि माझंच चुकलं असलं तर? मी म्हणालो, “सरांना नीट विचारून सांगतो.”

“विचार, विचार. पुस्तकातलं सगळं लिहून आण.” मग त्यांनी कंदील पेटवून खाली सोडला. तो संथ जळत होता. “हे बघ. दिवा बराबर हाय, मंग बराबर हाय.” आणि आम्ही उरलेले पत्रे टाकले. मी सगळे पत्रे धरून दिले. शेवटी शिडीपुरती एक फट राहिली.

परत आल्यावर सरांच्या खोलीपर्यंत मी कितीदा गेलो ते आता सांगून उपयोग नाही. दाराबाहेर उभा राहायचो, आत कुणी बोलत असलं की परतायचो. ज्यांचे वडील, काका शिकलेले आहेत ती मुलं सरळ आत जातात. मला नुसतं “आत येऊ का?” म्हणायला तीन आठवडे लागले. सरांनी मामांच्या खड्ड्याचं चित्र माझ्याकडून काढून घेतलं, पाहिलं आणि चष्मा काढला. म्हणाले, “तू बरोबर समजला आहेस. तिथं कुणाला उतरू देऊ नकोस. आजच कळव.” मी त्याच दिवशी पत्र टाकलं. मोठ्या अक्षरांत लिहिलं : दिव्यावर विश्वास ठेवू नका. ते पत्र मामांच्या घरी पोचलं तेव्हा मी तिथंच होतो. पोस्टमननं ते माझ्याच हातात दिलं. मामा गेल्याचा पाचवा दिवस होता.

आता वाचकांना कळलं असेल, मला बरं का वाटलं होतं ते. मामा कंदील न सोडता उतरले असतील तर चूक घाईची होती, भगवानमामासारखी. मग माझ्या तीन आठवड्यांनी काही बिघडलं नव्हतं. मी त्या एका गोष्टीला धरून राहिलो. मामी मात्र मानायला तयार नव्हती. दिवसकार्याला आलेल्या बायकांना ती पुन्हा पुन्हा सांगत होती, “ह्यांनी कंदील सोडला न्हाई असं व्हयीलच कसं? सांगा ना, कसं व्हयील?” एक म्हणाली, “माणसाकडून व्हतं, वहिनी.” मामीनं माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेला, मी काहीतरी बोलेन असं तिला वाटलं असावं. मी म्हणालो, “घाई झाली असंल, मामी.” तिनं मान खाली घातली, आणि त्यानंतर तो विषय काढला नाही.

हुसेनभाई त्या दिवसांत जालन्यात नव्हते. मामांना बाहेर त्यांनीच काढलं होतं, पण त्याच दिवशी भट्टी विझवून ते बहिणीकडे हैदराबादेला निघून गेले होते. लोक म्हणाले, भ्याले. मी जालन्याहून परतलो आणि प्रयोगशाळेत, वर्गात, जेवणाच्या पंगतीत त्या घाईच्या गोष्टीवर दिवस काढत राहिलो.

दोन आठवड्यांपूर्वी, रविवारी दुपारी, हॉस्टेलच्या फाटकाशी हुसेनभाई उभे दिसले. हैदराबादेहून परतताना मुद्दाम उतरले होते. खूप उतरलेले दिसत होते. हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मी त्यांना खोलीवर आणलं, पाणी दिलं. ते प्यायले नाहीत. गाठ सोडून त्यांनी कंदील माझ्या टेबलावर ठेवला. मामांचाच. काचेला तडा गेलेला, कडीला दोरीचा तुकडा अजून बांधलेला.

“तेरे मामू का है. तू रख,” ते म्हणाले.

मी विचारलं, “हा तुमच्याकडे कसा?”

“मैं निकाला ना. पहले कंदील खींच्या, बाजू में रख्या, जगा होना था उतरने कू.” ते सांगताना हात तसाच वर ओढत होते. “मैं भी उतर्या. दो सीढ़ी उतर्या तो सर घूम गया. वापस आया, पत्रे फेक्या, फिर लोगां आये... उस गडबड में कंदील मेरे सामान में चला गया. हैदराबाद में देख्या.”

मला पुढचं विचारायचं नव्हतं, आणि विचारल्याशिवाय त्यांना जाऊ देता येत नव्हतं. कंदिलाच्या टाकीत तळाशी थोडं तेल होतं, हलवलं की आवाज येत होता.

“हुसेनभाई, तुम्ही वर ओढला तेव्हा... विझलेला होता ना?”

त्यांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं.

“नहीं बेटा. जल रा था. अच्छा जल रा था. मैं बुझाया.”